लाम्ब्रुस्कोची फेरतपासणी

"मला फक्त एक ओळ लिहून हवी आहे, वसू," फ्रँक म्हणाला. "माल सदोष आहे. एवढंच." आणि अर्धी रिकामी बाटली त्याने माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवली.

मी विचारलं, दोष कोणता लिहू? ते शोधणं तुझं काम, तो म्हणाला. आंबट आहे, घसा धरेल इतकी तुरट आहे, तळाला गाळ आहे. तिघांनी चाखली आणि तिघांनी नापास केली. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळाला की सगळा माल नाकारता येईल.

तन्मय आणि ऋचा, परवा तुम्ही अर्विंगहून फोन केलात तेव्हा ऋचाने विचारलं होतं, "आजी, यू डोन्ट इव्हन ड्रिंक, मग इतकी वर्षं वाइनच्या कंपनीत काय केलंस?" फोनवर मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा मोठं आहे, म्हणून लिहून पाठवते.

फ्रँक आमचा मालक. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिताना मी अरे-तुरे वापरते आहे. मनात मात्र मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहोच करत आले. त्याची कंपनी युरोपातून वाइन मागवायची आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्कमधल्या दुकानांना आणि रेस्टॉरंटना पुरवायची. गोदाम एडिसनला होतं, आयसेलिनच्या आपल्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. गोदामाच्या एका कोपऱ्यात काचेची खोली होती. ती माझी लॅब.

मी मुंबईची केमिस्ट्रीची एम.एस्सी. आधी औषधांच्या कंपनीत होते, इथे आल्यावर ही नोकरी मिळाली आणि मी टिकले. माझं काम मोजण्याचं. वाइनमध्ये अल्कोहोल किती, साखर किती, आम्ल किती, आणि ती बिघडायला लागली आहे का. चव घेणं माझं काम नव्हतं. ते पॅनेलचं. पॅनेल म्हणजे फ्रँक, विक्री सांभाळणारा टॉम आणि इटलीचा माल निवडणारी ग्लोरिया. एका लांब टेबलावर ग्लास ओळीने मांडलेले असायचे. हे तिघं प्रत्येकातला एक घोट तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या बादलीत थुंकायचे. तुम्हाला हे किळसवाणं वाटेल. पण सकाळपासून वीस-पंचवीस वाइन चाखणारा माणूस गिळत बसला, तर संध्याकाळी गाडी चालवून घरी कसा जाणार? थुंकणं हीच त्या धंद्यातली शिस्त. फ्रँकला गिळताना कुणी पाहिलं नव्हतं, ख्रिसमसच्या पार्टीतसुद्धा नाही.

टेबलावरच्या बाटलीत होती लाम्ब्रुस्को. इटलीतली, लाल आणि बुडबुड्यांची वाइन. साल २००५ असावं, आणि त्या वेळी अमेरिकेत हे नाव काढलं की जाणकार माणूस हसायचा. त्याला कारण होतं. आमच्या पिढीच्या तरुणपणी इथे लाम्ब्रुस्को म्हणून जे आलं ते गोडमिट्ट, स्वस्त आणि कोल्ड्रिंकसारखं बर्फ घालून प्यायचं पेय होतं. फ्रँक म्हणायचा, त्याच्या आईने ते बाथटबमध्ये बर्फ भरून गार केलं होतं, त्याच्याच ग्रॅज्युएशनच्या पार्टीला. आमची कंपनीही असलीच एक गोड लाम्ब्रुस्को सुपरमार्केटना विकायची, आणि ती भरपूर खपायची.

ग्लोरियाने आणलेली वेगळी होती. मोडेना गावाबाहेर टेकडीवर दोन भावांचा द्राक्षमळा आहे. जुन्या पद्धतीने, गोडवा न ठेवता ते ही वाइन करतात. माल इटलीबाहेर पाठवायची त्यांची ही पहिलीच वेळ. ग्लोरियाने त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ती प्यायली आणि फ्रँकच्या मागे लागून सहा पॅलेट मागवली. पॅलेट म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर खोक्यांची उतरंड रचलेली असते.

आता तोच माल नाकारायचा होता. नाकारलेली वाइन परत समुद्रापार पाठवणं कुणालाच परवडत नाही. ती गटारात ओततात. आणि ती ओतली गेली की ग्लोरियाकडचं इटलीचं काम टॉमकडे जाणार, हे फ्रँकने मला आडून सांगितलंच.

तो गेल्यावर ग्लोरिया आली. पन्नाशीची, नेवार्कमध्ये वाढलेली, बोलायला लागली की गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, तिघांनी नापास केली म्हणे. तिसरी तू?

"मीच," ती म्हणाली. "खोटं कसं सांगू? तोंडात घेतली आणि वाटलं, हे मी कशासाठी आणलं? तिथे ती मला इतकी..." तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "बहुतेक त्या स्वयंपाकघराने फसवलं मला. हवा चांगली होती, माणसं चांगली होती. माझी जीभ गेली असेल, वसू. या धंद्यात जीभ गेली की काय राहतं?"

तिच्या या बोलण्यामुळे मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन तपासणी केली. टॉमने तक्रार केली असती तर एवढी केली नसती.

वाइन बिघडते म्हणजे बहुतेक वेळा तिचं व्हिनेगर व्हायला लागतं. तेव्हा एक ठरावीक आम्ल वाढतं आणि ते मोजता येतं. मी मोजलं. नगण्य होतं. दुसरी शंका गाळाची. एक थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. जिवाणू दिसले नाहीत, दिसलं ते मेलेलं यीस्ट. ही वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. त्यातून बुडबुडे तयार होतात आणि काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं. तो दोष नव्हे, ती पद्धत. तिसरी गोष्ट साखर. ती जवळजवळ नव्हतीच. आमच्या सुपरमार्केटवाल्या बाटलीशी हिची तुलना म्हणजे श्रीखंडाशी ताकाची.

मी फ्रँकच्या खोलीत गेले आणि माल निर्दोष आहे असं सांगितलं.

"तीन जिभा सांगतायत की वाईट आहे."

"माझे आकडे सांगतायत की नाही."

"तुझ्या मशीनला जीभ नाही, वसू."

"नाही. म्हणूनच तर तुम्ही ती घेतली."

तो हसला नाही. म्हणाला, बिघडलेली नसेल, पण वाईट आहेच, आणि वाईट वाइन विकायला माझं दुकान उघडलेलं नाही. शुक्रवारी काहीतरी लिहून दे.

त्याचं चुकत होतं असंही नाही. तीस वर्षं चाखणारा माणूस, त्याची जीभ पक्की. टॉमची पक्की. ग्लोरियाची तर सगळ्यात पक्की, आणि तिला ही वाइन चांगली ठरायला हवी होती. तरी तिलाही ती वाईट लागली. माझे आकडेही पक्के होते. दोन्ही बाजू बरोबर आणि उत्तर मात्र जुळत नाही. शाळेत असं झालं की बाई सांगायच्या, गणित परत वाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनघा आली. अनघा नागपूरची, गोदामाच्या कॉम्प्युटर सिस्टिमचं काम करणारी, माझ्या मुलीच्या वयाची. मला मावशी म्हणायची. तिच्या हातात ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानातला पेढ्यांचा बॉक्स होता.

"मावशी, पास झाली मी. चौथ्या वेळी."

ड्रायव्हिंग टेस्टबद्दल बोलत होती. पहिल्या तीन वेळा तिने काय काय केलं होतं ते साऱ्या ऑफिसला पाठ होतं. एकदा तर इन्स्पेक्टर गाडीतून उतरून चालत परत गेला होता.

"या वेळी कोण होता?" मी विचारलं.

"तोच. म्हणाला, यू अगेन? मी म्हटलं, हो बाप्पा, मी अगेन. पण पॅरलल पार्किंग असं क्लिअर केलं न मावशी, तो पाहतच राहिला. दोन घ्या. डाएट-बिएट उद्या."

मी थर्मासमधला चहा पीत होते. अर्धा कप झाला होता, नेहमीसारखा दोन चमचे साखरेचा, चांगला लागत होता. अनघाच्या आग्रहाने एक पेढा खाल्ला, मग दुसरा. मग उरलेल्या चहाचा घोट घेतला.

कडू. पाणचट आणि कडू. त्यात साखर घातलीच नाही असा.

"काय झालं?" अनघा म्हणाली. "पेढा खराब आहे का?"

पेढा उत्तम होता. चहाही तोच होता. हे मी जन्मभर ओळखत आले आहे. आमच्या घरी आई ओरडायची, गोड आधी खाऊ नका, मग म्हणाल चहाला चव नाही. ज्याने कधी जिलबी खाऊन चहा प्यायला आहे त्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. फक्त मी ते चहापुरतं ठाऊक ठेवलं होतं.

मी ग्लोरियाला शोधत गेले. ती गोदामात खोकी मोजत होती. मी विचारलं, मंगळवारी ही बाटली ओळीत कितवी होती?

"शेवटची."

तिच्या आधी काय होतं?

ती आठवायला लागली. आधी कोरड्या पांढऱ्या, मग कोरड्या लाल. ज्या वाइनमध्ये साखर उरलेली नसते तिला या धंद्यात कोरडी म्हणतात. मग गोड. दोन मोस्काटो, आणि त्यानंतर जेवणानंतर डेझर्टबरोबर घ्यायच्या दोन, मधासारख्या दाट.

आणि त्यानंतर लाम्ब्रुस्को?

"नेहमीच शेवटी असते. लाम्ब्रुस्को गोडात..." ती थांबली. मग तिने इटालियनमध्ये काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नसावं.

पॅनेलचा नियम अगदी बरोबर होता: कोरडी आधी, गोड शेवटी. कारण तेच, चहा आणि पेढ्याचं. चूक झाली ती एवढीच की ग्लास मांडणाऱ्याने बाटलीवरचं नाव वाचलं. लाम्ब्रुस्को म्हणजे गोड, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ती कुठे ठेवायची असा प्रश्नच कुणाला पडला नाही. ग्लोरियालाही नाही. चार गोड वाइनच्या पाठोपाठ एक पूर्ण कोरडी वाइन तोंडात गेली, आणि तीन तरबेज जिभांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ही आंबट आणि तुरट आहे.

पण हे अनुमान झालं. मला खात्री करायची होती, आणि त्यासाठी यंत्र उपयोगाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आल्या आल्या, चहाही न घेता, मी नवी बाटली उघडली.

आधी फेस दिसला. वाइनचा फेस मी शेकडो वेळा पाहिला होता, तो पांढरा किंवा फिका गुलाबी असतो. हा जांभळा होता. खरोखर जांभळा, शालूच्या काठासारखा. ग्लासच्या काठापर्यंत चढला, क्षणभर थांबला, आणि सळसळ करत खाली गेला. त्याखालचा रंग इतका गडद की ग्लास खिडकीसमोर धरला तरी पलीकडचं पार्किंग दिसेना. नाकाशी नेला, तर पिकलेल्या जांभळांचा वास, त्यामागे ओल्या मातीचा, आणि त्याही मागे कुठेतरी फुलाचा. कुठल्या फुलाचा ते मला आजही सांगता येत नाही.

मग घोट घेतला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आखडते, तशी आखडली, आणि लगेच बुडबुड्यांनी ती मोकळी केली. तुरट होती, पण तुरटपणा तक्रार करत नव्हता. आंबट होती, पण तोंडाला पाणी सुटेल अशी. आणि सगळं झाल्यावर तोंड स्वच्छ, नुकतं धुतल्यासारखं. मी बादलीत थुंकले आणि उभीच राहिले. पंधरा वर्षं मी या द्रवाला आकड्यांत ओळखत होते. आम्ल इतकं, साखर इतकी. या आकड्यांच्या आत एवढं सगळं राहत होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तपासणीचा विषय नाही म्हणून सोडून दिलं असतं.

पहिला घोट कामासाठी होता. दुसरा मी घेतला त्याला कामाचं कारण देता येणार नाही. तो मी थुंकलेही नाही.

नंतर अनघाच्या बॉक्समधला उरलेला पेढा खाल्ला आणि तीच वाइन पुन्हा तोंडात घेतली. कच्ची सुपारी चघळल्यासारखी लागली. तोंड वाकडं झालं. पाणी प्यायले, ब्रेडचा तुकडा खाल्ला, थोडी थांबले, पुन्हा घोट घेतला. जांभळं परत आली.

फ्रँकला हे सगळं समजावून सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं. आपली जीभ फसली हे ऐकणं त्या धंद्यातल्या माणसाला अपमानासारखं असतं. म्हणून मी फक्त एवढंच म्हटलं की रिपोर्ट देण्याआधी पॅनेलने एकदा फेरतपासणी करावी, आणि ग्लास मी मांडणार.

"कशासाठी?" तो म्हणाला.

"रिपोर्टवर सही माझी आहे म्हणून."

शुक्रवारी सकाळी मी सहा बाटल्या तपकिरी कागदी पिशव्यांत घालून ओळीने लावल्या. नाव दिसू नये म्हणून तसं करतात. ग्लोरियाला काय मांडलंय ते मी सांगितलं नव्हतं. ती मला विचारतही नव्हती. टॉमने घड्याळ पाहिलं. फ्रँकने पहिला ग्लास उचलला.

फेस पाहून तो थांबला. ग्लास तिरपा करून उजेडात धरला, हुंगला, खाली ठेवला, पुन्हा उचलून हुंगला. मग घोट घेतला. तोंडात घोळवला. बादली त्याच्या डाव्या हाताला होती. तो तिच्याकडे वळला आणि तसाच थांबला. त्याचा गळा हलला.

टॉम आपला ग्लास हातात धरून फ्रँककडे बघत होता.

"हे आपल्याकडे कधी आलं?" फ्रँकने विचारलं.

मी म्हटलं, आधी बाकीच्या पाच संपवा.

त्याने कागदावर पहिल्या ग्लासासमोर मार्क लिहिले आणि पुढे गेला. दुसरा, तिसरा, सगळे थुंकत. पाचवा ग्लास मधासारखा गोड. सहाव्यातला फेस तोवर बसून गेला होता. त्यातला घोट घेतला, तोंड वाकडं करून थुंकला आणि म्हणाला, "ही. मंगळवारची हीच. बघ, आजही वाईट आहे."

टॉमने मान डोलावली. ग्लोरियाने सहावा ग्लास हुंगला, मग पहिला हुंगला. तिला कळलं होतं.

मी पहिली आणि सहावी पिशवी काढली. दोन्हीवर तेच लेबल.

फ्रँकने दोन्ही बाटल्या उचलून तळ पाहिला, तिथला बॅचचा क्रमांक वाचला; तोही एकच. मग पाणी प्यायला, ब्रेड खाल्ला, खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभा राहिला. परत आला आणि सहाव्या ग्लासातून, ज्याला त्याने आत्ता वाईट म्हटलं होतं त्यातूनच, एक घोट घेतला. तोही गिळला.

"डॅम," तो हळू आवाजात म्हणाला. देवळात बोलतात तसं.

ग्लोरिया खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. टॉमने तिच्यासमोर टिश्यूचा बॉक्स सरकवला. माणूस वाईट नव्हता. फ्रँक तिला म्हणाला, "त्या स्वयंपाकघरात हे कशाबरोबर दिलं होतं तुला?"

तिने डोळे पुसत सांगितलं. हॅमचे पातळ काप, पार्मेजान चीज, आणि तळून फुगवलेली मऊ रोटी. गरम गरम तळतात आणि हाताने फोडून खातात.

मी म्हटलं, ही तर पुरी झाली.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कचे दोन रेस्टॉरंटवाले ही वाइन चाखायला आले, तेव्हा गोदामाच्या पँट्रीत तुमची आजी इलेक्ट्रिक शेगडीवर पुऱ्या तळत होती आणि अनघा लाटून देत होती. गाडी चालवत तेल आणायला तीच गेली होती. पुऱ्या सगळ्याच फुगल्या असं नाही. पाहुण्यांनी ते लक्षात घेतलं नाही. ते ग्लासातला फेस बघत होते.

माल निर्दोष आहे असा रिपोर्ट मी दिला. सहा पॅलेट गटारात गेली नाहीत. ग्लोरियाकडे इटली राहिलं, आणि पुढच्या वर्षी त्या दोन भावांनी तिला आणि मला एक-एक खोकं पाठवलं. ऑफिसात नियम बदलला: माझा साखरेचा आकडा आल्याशिवाय ग्लास मांडायचे नाहीत, बाटलीवर नाव काहीही असो. ही वाइन हळूहळूच विकली गेली. दुकानदार ती गोड लाम्ब्रुस्कोच्या शेजारी ठेवायचे आणि गिऱ्हाइकं परत आणून द्यायची, की ही गोड नाही. गोडवाली मात्र आधीइतकीच खपत राहिली. फ्रँकने तिच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. पगार तिच्यातून निघायचे.

तात्पर्य फार मोठं नाही. एखादी गोष्ट वाईट आहे असं कुणी ठामपणे सांगितलं, तर वाद घालू नका. त्याने तिच्या आधी काय चाखलं होतं, एवढंच विचारा. बहुतेकांना ते आठवत नसतं.